पंप, प्रतिकारशक्ती आणि जिभेवरचा पांढरा थर

प्रश्न : वय 38. दमा लहानपणापासून. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल 200/6 चा पंप सुरू केला : सकाळी दोन पफ, रात्री दोन पफ. दमा चांगला आटोक्यात आला. पण गेल्या चार महिन्यांत तीनदा सर्दी झाली, जिभेवर पांढरा थर दिसू लागला. 'यात स्टेरॉइड असतं, त्यानं प्रतिकारशक्ती मरते' असं नात्यातल्या एकांनी सांगितलं, तेव्हापासून मी दिवसाला एकच पफ घेते. धाप लागली की निळा पंप वापरते, तो दीड महिन्यात संपतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल 7 टक्के आहेत. पंप बंद करून प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर सुरू करावी का? सात वर्षांच्या मुलीलाही आता स्टेरॉइडचा पंप सांगितला आहे. तो द्यावा का?

उत्तर : पंप बंद करू नका. एका पफवरून पुन्हा सांगितलेल्या चार पफवर आजच या आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. त्यांना तीन गोष्टी न लपवता सांगा : डोस स्वतःहून कमी केला, निळा पंप दीड महिन्यात संपतो, तोंडात पांढरा थर आहे. यातली दुसरी गोष्ट सगळ्यांत काळजीची आहे, आणि पत्रात तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

आधी प्रतिकारशक्तीचं बघू. घोळ त्या 'शक्ती' शब्दात आहे. शक्ती म्हटलं की जास्त असलेली बरी, कमी झाली की वाईट, असं आपोआप वाटतं. प्रत्यक्षात ती एक गोष्ट नाही. विषाणूंशी लढणारी यंत्रणा वेगळी, जिवाणू गिळणाऱ्या पेशी वेगळ्या, जंतांविरुद्ध तयार झालेली फळी आणखी वेगळी. बहुतेक दमेकऱ्यांमध्ये ही शेवटची फळी नको तिथे जागी झालेली असते. धूळ, परागकण, बुरशीचे कण अशा निरुपद्रवी गोष्टींवर ती जंतांवर तुटून पडावं तशी तुटून पडते. इंटरल्युकिन-4, 5 आणि 13 ही रसायनं सुटतात. 4 आणि 13 मुळे आयजीई नावाची प्रतिपिंडं वाढतात, 13 मुळे कफ वाढतो आणि नळ्या चिडक्या होतात, 5 मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येनं तयार होतात आणि जास्त दिवस टिकतात. या पेशींमधली प्रथिनं श्वासनलिकेचं अस्तर खरवडून काढतात. म्हणजे दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा एक भाग अति करत असतो. तोल गेलेला आहे तो असा.

हे अस्तर शाबूत असणं हाही संरक्षणाचाच भाग आहे. सोललेल्या, सुजलेल्या अस्तरातून विषाणूला आत शिरायला सोपं जातं. त्यात ॲलर्जीची सूज जोरात असेल तर विषाणूविरोधी इंटरफेरॉनचा प्रतिसाद मंदावतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. दमेकऱ्याची साधी सर्दी छातीत उतरते, त्यामागे हेही एक कारण असावं.

आता तुमच्या पंपातल्या दोन औषधांकडे येऊ. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड. ते श्वासनलिकेच्या पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, आणि ती जोडी केंद्रकात जाऊन सूज वाढवणाऱ्या जनुकांचं काम बंद पाडते. इओसिनोफिल पेशी लवकर मरतात, नव्या कमी येतात, अस्तर हळूहळू भरून येतं. हे घडायला दिवस लागतात, पूर्ण फायद्याला आठवडे ते महिने. म्हणून स्टेरॉइडचा पंप घेतल्या घेतल्या काही 'जाणवत' नाही आणि बंद केल्या केल्या काही बिघडतही नाही. ज्यांनी तो सोडला, त्यांना पहिल्या पंधरवड्यात वाटतं, बघा, काही फरक पडला नाही!

दुसरं औषध फॉर्मोटेरॉल. ते नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतं, काही मिनिटांत काम सुरू करतं आणि सुमारे 12 तास टिकतं. या दोघांची एकमेकांना मदत होते : नळ्या उघडणारं औषध स्नायूंवरच्या ज्या बीटा ग्राहकांना चिकटतं ते स्टेरॉइडमुळे टिकून राहतात, म्हणून ते औषध लागू पडत राहतं.

मग हे स्टेरॉइड अंगभर पसरून प्रतिकारशक्ती दाबतं का? आकड्यांतच बोलू. दिवसाला चार पफ म्हणजे 800 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड. प्रौढांसाठी 200 ते 400 हा कमी डोस, 400 च्या वर 800 पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. म्हणजे तुमचा डोस मध्यम गटाच्या वरच्या टोकाला आहे. त्यातला घशावर बसून गिळला गेलेला भाग यकृतात जवळपास निकामी होतो. ब्युडेसोनाइडचा साधारण दहावा हिस्साच त्या वाटेनं रक्तात पोहोचतो, फ्लुटिकासोन या पंपातल्या दुसऱ्या एका स्टेरॉइडचा तर 1 टक्काही नाही. फुप्फुसात गेलेला भाग मात्र काम करून शेवटी रक्तात उतरतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. 'इनहेलरचं औषध रक्तात जातच नाही' असं कुणी सांगत असेल तर तेही चूक.

पण प्रमाण पाहा. अटॅक आल्यावर प्रौढांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सहसा दिवसाला 40 मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस देतात. पाच दिवसांचा कोर्स म्हणजे 200 मिलिग्रॅम, तोही सगळा पोटातून रक्तात. तुमच्या पंपातलं वर्षभराचं ब्युडेसोनाइड 292 मिलिग्रॅम, आणि त्यातला बराचसा भाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही. दोन औषधांचा जोर वजनाला वजन सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नाही. तरी अंदाज यावा. संसर्गाचा धोका, रक्तातली साखर, हाडांची झीज हे सगळं मुख्यतः गोळ्यांच्या वारंवारच्या कोर्सनं होतं. पंप टाळणारा माणूस नेमका त्या कोर्सकडे ढकलला जातो. तुमच्या नातेवाइकांची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या औषधाला चिकटली आहे.

पंपाचे खरे तोटे जिथे औषध साचतं तिथे दिसतात, म्हणजे तोंडात आणि घशात. तुमचा पांढरा थर बहुधा त्यातलाच. तोंडात कॅन्डिडा नावाची बुरशी एरवीही थोडीफार असते. स्टेरॉइडचा लेप रोज बसला की तिथल्या पेशींचा पहारा ढिला पडतो आणि ती वाढते. खात्री करायची तर स्वच्छ कापडानं हलकेच पुसून बघा. नुसता जिभेवरचा थर बुरशीचा असतोच असं नाही. पण गालाच्या आत, टाळूवर दह्यासारखे ठिपके असतील आणि पुसल्यावर खाली लाल, हुळहुळणारी जागा दिसली तर शंका पक्की. यावर निस्टॅटिनचं तोंडात धरायचं औषध किंवा क्लोट्रिमॅझोल पुरतं. ते डॉक्टर ठरवतील. पंप सोडायचं कारण नाही. एक सावधगिरी : बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा किटोकोनॅझोलच्या गोळ्या कुणी लिहून दिल्या तर 'मी ब्युडेसोनाइडचा पंप घेते' हे आवर्जून सांगा. ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला या गोळ्या अडवतात, रक्तातलं स्टेरॉइड वाढत जातं आणि मग खरोखरच अंगभर परिणाम दिसू शकतात. रिटोनाविर हे विषाणूविरोधी औषध आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांच्याबाबतही तेच. शिवाय रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. तोंडात बुरशी वारंवार येत असेल तर न कळलेला मधुमेह हे एक कारण असू शकतं.

थर पुन्हा येऊ नये म्हणून सगळ्यांत उपयोगाची वस्तू म्हणजे स्पेसर, पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. पत्रावरून तरी तुम्ही पंप थेट तोंडात मारत असाव्यात. तसं केलं की फवाऱ्याचा मोठा हिस्सा जोरात घशाच्या भिंतीवर आदळतो. स्पेसरमध्ये जड थेंब नळीतच राहतात, बारीक थेंब फुप्फुसात जातात. म्हणजे घशात कमी, छातीत जास्त.

पद्धत अशी. टोपी काढून पंप चांगला हलवा. नवा किंवा बरेच दिवस पडून राहिलेला पंप असेल तर माहितीपत्रकात सांगितलेले पफ आधी हवेत सोडा. पंप स्पेसरला लावा, श्वास सावकाश पूर्ण सोडा, ओठ तोंडणीभोवती घट्ट मिटा. एकदाच दाबा आणि लगेच 4 ते 5 सेकंद घेत हळू, खोल श्वास आत ओढा. स्पेसर शिट्टी वाजवत असेल तर तुम्ही फार घाईनं ओढताय. 10 सेकंद श्वास रोखा. अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दुसरा पफ. दोन पफ एकदम नळीत सोडू नका, थेंब एकमेकांना चिकटून नळीतच बसतात. शेवटी पाण्यानं खळखळून चूळ भरा, घशापर्यंत गुळणी करा आणि थुंका. गिळू नका. दात घासायच्या आधी पंप घेतला तर हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे थेंब घालून बुडवा आणि कापडानं न पुसता हवेत वाळू द्या. पुसल्यानं प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं. भुकटीच्या इनहेलरचं तंत्र याच्या अगदी उलट आहे : तिथे स्पेसर नाही, श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा, आणि त्यात फुंकायचं नाही, नाहीतर दमटपणानं भुकटी गोळा होते. दोन्ही प्रकार घरात असले की हमखास गल्लत होते.

आता सर्दी. निरोगी प्रौढालाही वर्षात दोन-तीन सर्द्या होतात, आणि शाळेत जाणारं मूल घरात असेल तर थोड्या जास्तच. चार महिन्यांत तीन हा आकडा जरा वरचा, पण प्रतिकारशक्ती ढासळल्याचं लक्षण नाही. त्यातही ती प्रत्येक वेळी विषाणूची सर्दी होती का? ताप नाही, अंगदुखी नाही, नाकाला-डोळ्यांना खाज, लागोपाठ शिंका, पाण्यासारखं नाक, आणि हे दहा दिवसांच्या पुढे रेंगाळतंय, असं असेल तर ती नाकाची ॲलर्जी. तिच्यावर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा लागतो, आणि नाक शांत झालं की दमाही सुधारतो. प्रतिकारशक्ती खरंच कमी पडतेय अशी शंका घ्यायची ती वेगळ्या खुणांवरून : वर्षात दोनदा न्यूमोनिया, शिरेतून प्रतिजैविकं देण्याची वारंवार वेळ, न भरणाऱ्या जखमा, कारण नसताना वजन घटणं. यातलं काही असेल तर तपासणी हवीच, पंप असो वा नसो.

फुप्फुसाच्या संसर्गाबद्दल एक खरी नोंद मात्र आहे. मुख्यतः धूम्रपानानं होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारात स्टेरॉइडच्या पंपानं न्यूमोनियाचं प्रमाण वाढतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. दम्यात तितकं स्पष्ट चित्र नाही. पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा घरात कुणाला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यानुसार ते डोस आणि तपासण्या ठरवतात.

निळ्या पंपाकडे वळतो. तो म्हणजे साल्ब्युटामॉल. पाच मिनिटांत आराम, चार ते सहा तास टिकतो, सुजेवर शून्य परिणाम. पंपात 200 पफ असतात. तो दीड महिन्यात संपतो म्हणजे रोज चार-पाच पफ, वर्षाला आठ पंप. वर्षात तीन किंवा जास्त पंप लागणाऱ्यांत अटॅकचा धोका वाढलेला आढळतो, बारा किंवा जास्त लागणाऱ्यांत मृत्यूचा. रोज रोज वापरल्यानं बीटा ग्राहक कमी होत जातात, औषधाचा असर घटतो आणि ॲलर्जीला नळ्यांचा प्रतिसाद उलट तीव्र होतो. तोल बिघडवण्याबद्दल बोलायचं तर संशय या पंपावर घ्यायला हवा होता. लगेच आराम देणारा पंप मित्र वाटतो आणि न जाणवणारा पंप शत्रू. दम्यात हा समज जीवघेणा ठरतो. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, म्हणजे 'जीना'नं, 2019 पासून प्रौढ आणि किशोरांना नुसता साल्ब्युटामॉल देऊ नये अशी भूमिका घेतली आहे.

कमी डोसचं स्टेरॉइड नियमित घेण्याचा जिवाशी किती संबंध आहे, यावर कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या नोंदींचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा स्टेरॉइड पंपामागे दम्यानं मरण्याचा दर 21 टक्क्यांनी कमी दिसला. आणि पंप सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त दिसला.

तुमच्या पंपात फॉर्मोटेरॉल असल्यामुळे आणखी एक वाट आहे. रोजच्या डोसशिवाय धाप लागली की निळ्याऐवजी हाच पंप एक पफ घ्यायचा, म्हणजे प्रत्येक वेळी आरामाबरोबर सुजेवरचं औषधही जातं. 200/6 च्या पंपासाठी दिवसभराची कमाल मर्यादा रोजचे धरून एकूण 12 पफ. ही पद्धत तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा आणि योजना कागदावर लिहून घ्या. ज्या पंपात फॉर्मोटेरॉलऐवजी सालमेटेरॉल आहे, त्याला हे लागू नाही.

इओसिनोफिल 7 टक्के या आकड्यावरून एकट्यानं काही ठरत नाही. एकूण पांढऱ्या पेशी 9,000 असतील तर 7 टक्के म्हणजे 630. साधारण 500 च्या वर गेले की वाढलेले धरतात. एकूण पेशी 5,000 असतील तर तेच 7 टक्के म्हणजे 350. रिपोर्टमधली निव्वळ संख्या बघा. वाढलेली असेल तर ती तुम्ही पंप कमी केल्याचीच खूण असू शकते. नियमित औषधानं ती उतरली तर 'पेशी कमी झाल्या, शक्ती गेली' असं समजू नका. त्या उतरायलाच हव्यात. उलट गोळ्यांचा कोर्स चालू असताना रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसतात (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), आणि संसर्ग नसताना संसर्गाचा संशय येतो. तपासणीच्या वेळी कोर्स चालू होता का, हे सांगत चला.

पावडर घेऊ नका. दम्यात नेमकी कुठली फळी वाढवायची हे तिच्या डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि जी आधीच चवताळली आहे तिला आणखी डिवचून काय मिळणार? नैसर्गिक म्हणून निर्धोक असं तर मुळीच नाही. मधमाश्यांच्या रॉयल जेलीनं दमेकऱ्यांना जिवावर बेतणारे अटॅक आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. इकिनेशिया या वनस्पतीनंही ॲलर्जी उठू शकते. त्यापेक्षा दरवर्षी फ्लूची लस घ्या, इंजेक्शनवाली. नाकात मारायची जिवंत लस दमेकऱ्यांना सहसा टाळतात. पंपातल्या स्टेरॉइडमुळे लसी घ्यायला अडचण येत नाही. जिवंत लस पुढे ढकलायची ती प्रौढाला दिवसाला 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा अधिक काळ चालू असेल तर. धूम्रपान असेल किंवा घरात धूर होत असेल तर तो बंद करणं ही कुठल्याही पावडरपेक्षा मोठी गोष्ट, कारण धूम्रपानानं स्टेरॉइडचा असरच कमी होतो.

मुलीला पंप द्या. 6 ते 11 वर्षांसाठी ब्युडेसोनाइडचा कमी डोस दिवसाला 100 ते 200 मायक्रोग्रॅम. तिच्या बाबतीत विचारायचा प्रश्न उंचीचा आहे, प्रतिकारशक्तीचा नाही. नियमित पंपानं सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत वाढ किंचित मंदावते. मोठेपणी उंचीत सुमारे 1 सेंटिमीटरचा फरक राहू शकतो. आटोक्यात नसलेला दमा आणि गोळ्यांचे कोर्स यांनीही वाढ खुंटते, तेव्हा पारडं पंपाकडेच झुकतं. वर्षातून किमान एकदा उंची मोजून लिहून ठेवा आणि दमा शांत ठेवणारा सगळ्यांत कमी डोस मागा. सात वर्षांचं मूल मास्कशिवाय, तोंडणीच्या स्पेसरनं घेऊ शकतं. श्वास रोखणं जमत नसेल तर एका पफला नळीतूनच पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. लसी वेळापत्रकाप्रमाणेच.

डोस कमी करण्याची तुमची इच्छा चुकीची नाही, वेळ चुकली. दमा सलग तीन महिने शांत असला, म्हणजे रात्री जाग नाही, निळा पंप जवळपास लागत नाही, कामात अडथळा नाही, तर डॉक्टर स्टेरॉइड 25 ते 50 टक्क्यांनी उतरवतात आणि पुन्हा तीन महिने बघतात. सर्दी चालू असताना, प्रवासात किंवा गरोदरपणात उतरवत नाहीत. स्टेरॉइड पूर्ण काढून नुसता नळ्या उघडणारा पंप ठेवणं मात्र कुठल्याच टप्प्यावर नाही. ज्यांचा डोस जास्त गटातला आहे आणि वर्षानुवर्षं चालू आहे, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावलेल्या असू शकतात. तो डोस एकाएकी थांबवला तर विलक्षण थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं असं होऊ शकतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर एक पफ घेऊन दाखवा. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा : 120 पफचा पंप रोज चार पफनं 30 दिवसांत संपतो, मग दाबल्यावर फवारा निघाला तरी त्यात औषध असेलच असं नाही. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, रक्तातला ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली असेल किंवा निळ्या पंपाचा आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर भेटीच्या वेळेची वाट न बघता तडक दवाखाना गाठा. वाटेत निळा पंप स्पेसरमधून दर 20 मिनिटांनी 4 ते 10 पफ, एका वेळी एक, घेत राहा.